मोटारीची टाकी आणि तिचा गंज

मोटारगाडीचा इतिहास लिहिणारे बहुधा यंत्राविषयीं लिहितात, नाहींतर मालकाविषयीं. यंत्राची शक्ति किती, गाडी कोणत्या संस्थानिकानें मागविली, तिची बैठक रेशमाची होती कीं कातड्याची, हें सर्व पुस्तकांत सांपडतें. पेट्रोलच्या टाकीचें नांव मात्र कोणी काढीत नाहीं. तरीहि जुन्या गाडीचें आयुष्य पुष्कळदां हा पत्र्याचा मुका डबाच ठरवितो. टाकी आंतून कुजते. बाहेरचा रंग शाबूत असतो. ज्या दिवशीं गळती दिसते त्या दिवशीं पत्र्याची चाळण होऊन चुकलेली असते. अशी टाकी दुरुस्त करावी कीं बदलावी, हा प्रश्न वरवर पाहतां कारागिराचा आहे. आमच्या मतें तो इतिहासाचाहि आहे, आणि म्हणूनच त्याचा विचार येथें करावयाचा आहे.

छत्रपति संभाजीनगरच्या वाचकांस हा विषय परका वाटूं नये. हें शहर औरंगाबाद या नांवानें निजामाच्या संस्थानांत असतां, १९३२ सालीं, त्या संस्थानच्या रेल्वे खात्यानें २७ बसगाड्या व १६६ नोकर घेऊन सरकारी मोटारवाहतुकीस आरंभ केला. १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला; पुढें एस. टी. महामंडळाचा एक मध्यवर्ती कारखाना येथील चिकलठाण्यास झाला. १९८५ पासून वाळूज येथें बजाजचा व २००१ पासून शेंद्र्यास स्कोडाचा कारखाना चालू आहे. एवढ्या काळांत मोटारीचें जवळजवळ प्रत्येक अंग बदललें. टाकी तर मुळीं लोखंडाची प्लास्टिकचीच झाली. त्यामुळें लोखंडी टाकी ही आतां ज्या त्या जुन्या गाडीबरोबरच शिल्लक राहिलेली वस्तु आहे.

आरंभीं टाकीस फारसें महत्त्व नव्हतें. १८८८ सालीं बर्था बेंझ बाई पतीनें बनविलेली मोटार घेऊन मानहाइमहून फॉर्त्सहाइमला गेल्या, तेव्हां वाटेंत वीस्लोख गांवीं औषधाच्या दुकानांत त्यांनीं इंधन विकत घेतलें. गाडींत राहणारा सांठा थोड्याच लिटरांचा होता. प्रवास लांबला तसा सांठाहि वाढला, आणि तो ठेवावा कोठें, हा प्रश्न उभा राहिला. १९०८ ते १९२७ या काळांत निघालेल्या फोर्डच्या ‘मॉडेल टी’ गाडींत टाकी बैठकीखालीं असे, व पेट्रोल केवळ स्वतःच्या वजनानें इंजिनाकडे वाहत जाई. उभ्या चढणीवर इंजिन वर आणि टाकी खालीं अशी स्थिति झाली कीं तें पोंचत नसे. मग चालक गाडी वळवून मागल्या चालीनें चढ चढत. दौलताबादेहून खुलताबादेस जाणारी घाटी ज्यांनीं पाहिली आहे, त्यांस या युक्तीची गरज समजावून सांगावयास नको. १९२८ ते १९३१ च्या ‘मॉडेल ए’मध्यें टाकी समोरच्या काचेपुढें, गाडीच्या अंगांतच, उंचावर बसविलेली होती. पंप सर्रास वापरांत आल्यावर ती मागें गेली, आणि पुढें बहुतेक मोटारींत ती मागेंच राहिली.

या टाक्यांचा पत्रा पुष्कळदां साधा नसे. पोलादी पत्र्यास शिसें व कथील यांच्या मिश्रणाचा लेप दिलेला असे. आपल्या घरच्या कल्हईची ही नात्यांतलीच गोष्ट आहे. कल्हईवाला भांडें तापवितो, नवसागरानें तें स्वच्छ करतो आणि त्यावर कथील फिरवितो; हेतु हा कीं आंबट पदार्थास पितळ लागूं नये. टाकींत लोखंडास पाणी लागूं नये, एवढ्यासाठीं तोच उपाय. शिसें विषारी असल्यामुळें तें भांड्यांत वर्ज्य. टाकींत त्याची हरकत नाहीं. परंतु दोहोंत एक मोठा भेद आहे. भांड्याची कल्हई गेली कीं गृहिणीस तें त्याच दिवशीं कळतें. टाकीची गेली तर कोणासच कळत नाहीं. शिवाय असा लेप जेथें खरवडला जातो तेथें उघडें पडलेलें लोखंड अधिकच त्वरेनें गंजतें. जस्ताचा स्वभाव उलट आहे: तें स्वतः झिजतें आणि लोखंड वांचवितें. कथील व शिसें यांच्या अंगीं ही उदारता नाहीं.

आतां गंज येतो कोठून? पेट्रोलमध्यें लोखंड गंजत नाहीं. गंजास पाणी आणि प्राणवायु दोन्ही लागतात, आणि हीं दोन्ही अर्ध्या रिकाम्या टाकींत आयतीं मिळतात. दिवसा टाकी तापते, आंतील हवा फुगून बाहेर पडते. रात्रीं थंडावा आला कीं बाहेरची हवा आंत ओढली जाते. टाकी असा श्वास घेत असते. पावसाळ्यांतल्या त्या श्वासाबरोबर दमटपणा आंत येतो, थंड पत्र्यावर त्याचे थेंब होतात, आणि पेट्रोलहून जड असल्यामुळें ते तळाशीं जाऊन बसतात. गाडी रोज चालत असेल व टाकी भरत असेल, तर हवेला जागा थोडी राहते आणि पाणी सांचून राहत नाहीं. गाडी उभी राहिली कीं तेंच पाणी त्याच जागीं महिनेन् महिने पत्रा खात बसतें. मराठवाड्याची हवा वर्षांतले आठ महिने कोरडी असते, हें जुन्या गाड्यांचें भाग्य. पण उरलेले चार महिने उभ्या गाडीस पुरेसे आहेत.

या जुन्या रोगास अलीकडे नवें कारण मिळालें आहे. फेब्रुवारी २०२३ पासून आपल्या देशांत २० टक्के ईथेनॉल मिसळलेलें पेट्रोल विकावयास आरंभ झाला, आणि दोन वर्षांत तें सर्वत्र पसरलें. हें ईथेनॉल कांहीं अंशीं उसापासून होतें. आमच्या प्रांताच्या शेतकऱ्यास त्याचा उपयोग असल्यामुळें त्या धोरणाशीं आमचें भांडण नाहीं. परंतु ईथेनॉल हवेंतलें पाणी शोषतें, आणि पाण्याचें प्रमाण मर्यादेबाहेर गेलें कीं त्या पाण्यासह वेगळें होऊन तळाशीं थर धरतें. जुन्या टाकीच्या लेपास तें मानवत नाहीं. कित्येक जुन्या गाड्यांत पेट्रोलची पातळी दाखविणारें बूच लाखेच्या रोगणानें मढविलेलें असतें. लाख तर मद्यार्कांत विरघळते. या गाड्या ज्या काळीं घडल्या त्या काळच्या कारागिराच्या मनांत असें इंधन नव्हतें.

दुरुस्तीकडे वळण्यापूर्वीं एक गोष्ट ठासून सांगितली पाहिजे, कारण येथें चुकलें तर जीव जातो. पेट्रोलनें भरलेल्या टाकीपेक्षां ‘रिकामी’ टाकी अधिक घातक असते. द्रव ओतून दिला तरी सांध्यांत व गंजाच्या पापुद्र्यांत वाफ राहते, आणि हवेंत मिसळलेली तीच वाफ ठिणगी लागतांच स्फोट पावते. म्हणून डाख देण्याचें किंवा वेल्डिंगचें काम, टाकी पुनःपुन्हां धुऊन व वाफेनें शुद्ध करून, जाणत्या माणसानेंच करावें. घरच्या अंगणांत तें करूं नये. गंज काढण्याचे इतर उपाय त्या मानानें सौम्य आहेत. टाकींत खडे किंवा सांखळी घालून ती हलवावी. मग लिंबूसत्वाचें पाणी भरून ठेवावें. चिंचेनें तांब्याचीं भांडीं घासणाऱ्या आमच्या घरांत या रसायनशास्त्राचें नवल वाटावयास नको. त्यानंतर टाकी धुऊन तत्काळ वाळविली पाहिजे, कारण स्वच्छ झालेलें ओलें लोखंड पाहतां पाहतां पुन्हां तांबडें होतें. शेवटीं आंतून एपॉक्सीचा लेप देतात. पण खालचा गंज राहिला असेल तर तो लेप सुटतो आणि त्याचे तुकडे पेट्रोलच्या नळींत अडकतात. टाकीचा तळच पातळ झाला असेल तर कोणताहि लेप हा केवळ दिखावा होय.

मग टाकी बदलावी काय? येथें कायद्यानेंहि एक भूमिका घेतली आहे. जुलै २०२१ मध्यें केंद्र सरकारनें मोटारवाहन नियमांत भर घालून, पहिल्या नोंदणीस पन्नास वर्षें उलटलेल्या व मूळ स्वरूपांत राखलेल्या गाड्यांचा निराळा वर्ग केला. सांगाडा, अंग किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेली गाडी या मानास मुकते. सामान्य गाडीची टाकी या तिहींत मोडत नाहीं. पण ‘मॉडेल ए’सारख्या गाडींत टाकी हा अंगाचाच भाग असल्यामुळें तेथें प्रश्न अवघड होतो. आमचें मत असें: पत्रा तग धरणारा असेल तोंपर्यंत मूळ टाकी राखावी, कारण तिचे वळ, ठोके आणि सांधे हा एका कारागिराच्या हाताचा पुरावा आहे. तो तग धरणारा नसेल तर त्याच मापाची, त्याच आकाराची नवी टाकी घडवून घ्यावी, ती नवी आहे हें तिच्यावर कोरावें, आणि जुनी फेंकून न देतां जपून ठेवावी. इतिहासांत दुरुस्ती हा दोष नाहीं. लपविलेली दुरुस्ती हा दोष आहे.

त्याच नियमांत दुसरें कलम आहे, व तें आम्हांस अधिक विचार करावयास लावतें. अशी गाडी प्रदर्शन, शर्यतीसारखे मेळावे, संशोधन, इंधन भरणें व दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणतां येते. रोजच्या वापरास ती वर्ज्य. हेतु चांगला आहे. पण टाकीच्या दृष्टीनें पाहिलें तर मान मिळालेली गाडी अधिक काळ उभी राहते, आणि उभी गाडीच गंजते. मलिक अंबरानें सतराव्या शतकाच्या आरंभीं याच शहरास दिलेल्या नहरीची कथाहि फारशी निराळी नाहीं. ती गाळ काढून वाहती ठेवली होती तोंवर शहर तिच्यावर जगलें. देखभाल सुटली आणि बहुतेक नहर निकामी झाली. नियमानें इंधन भरण्याची व दुरुस्तीची वाट मोकळी ठेवली आहे. मालकानें त्या वाटेनें दर महिन्यास गाडी बाहेर काढावी आणि पावसाळ्यापूर्वीं टाकी कांठोकांठ भरून ठेवावी. एवढें करणाऱ्यास दुरुस्त करावी कीं बदलावी, हा प्रश्न पुष्कळ वर्षें पडणारच नाहीं.