मामाचं पोट आणि राजाची मूत्रपिंडं

मामा जेवायला बसला की चार घासांत उठायचा. "भरलं पोट." आजी चिडायची, मामी ओवा पुढे करायची, डॉक्टर गॅसची गोळी लिहून द्यायचे. अशी तीन वर्षं गेली. मामाला पॉलिसिस्टिक किडनी आहे, म्हणजे मूत्रपिंडांत पाण्याच्या गाठी आहेत, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आजोबा त्यातच गेले. पण किडनीचा भुकेशी संबंध असेल हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. मग सोनोग्राफीत दिसलं: गाठी लिव्हरमध्येही आहेत, आणि फुगलेलं लिव्हर जठराला दाबतंय. रक्ताचे लिव्हरचे रिपोर्ट मात्र नॉर्मल. या आजारात ते बहुधा तसेच येतात, म्हणून तर फसायला होतं.

त्यानंतर मी या आजाराचा इतिहास वाचत सुटलो.

सुरुवात एका राजापासून होते. पोलंडचा स्टेफान बाथोरी 1586च्या डिसेंबरमध्ये ग्रोडनोला वारला. त्याच्या दोन वैद्यांत मरणाच्या कारणावरून जोरदार भांडण जुंपलं. पण शव उघडणाऱ्या शल्यवैद्याने मूत्रपिंडं बैलाच्या मूत्रपिंडांएवढी मोठी आणि खडबडीत असल्याचं नोंदवलं. आज अनेक जण हीच या आजाराची पहिली नोंद मानतात. राजाच्या पोटातलं बाकी काय बिघडलं होतं, याची तेव्हा कुणाला फिकीर नव्हती.

लिव्हर आणि मूत्रपिंडातल्या गाठी एकाच माणसात सापडतात, हे लंडनच्या ब्रिस्टोने 1856मध्ये मांडलं. 1888मध्ये पॅरिसच्या फेलिक्स लेजार्सने आजाराला 'पॉलिसिस्टिक किडनी' हे नाव दिलं. नावात फक्त किडनी आली आणि मला वाटतं तिथेच घोळ झाला. नाव ऐकलं की सगळे किडनीकडेच बघतात. आमच्या घरानेही तेच केलं.

1957मध्ये डेन्मार्कच्या डालगार्डने 284 रुग्णांची आणि त्यांच्या कुटुंबांची माहिती गोळा करून आनुवंशिकता पक्की केली. आई किंवा वडलांना आजार असेल, तर प्रत्येक मुलाला तो होण्याची शक्यता निम्मी.

आतड्यांची गोष्ट त्याहून गुंतागुंतीची. 1980मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी डायलिसिसवरच्या 12 पॉलिसिस्टिक रुग्णांची मोठी आतडी तपासली. 10 जणांच्या आतड्याच्या भिंतीला बाहेरच्या बाजूने छोटे फुगे आलेले, ज्यांना डायव्हर्टिक्युला म्हणतात. इतर कारणांनी डायलिसिसवर असलेल्यांत हे प्रमाण एकतृतीयांशाच्या आसपास. असा फुगा फुटला तर जिवावर बेततं, आणि किडनी बदलल्यावर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असताना तर जास्तच. त्यामुळे हा निष्कर्ष पुढे बराच काळ उद्धृत होत राहिला. पण बारा माणसं म्हणजे किती! 1999मध्ये डेन्व्हरच्या गटाने किडनी अजून निकामी न झालेल्या रुग्णांची आतडी पाहिली, तेव्हा त्यांच्यात आणि घरातल्या निरोगी माणसांत लक्षणीय फरक आढळला नाही. म्हणजे दोष जनुकाचा की निकामी किडनीचा, हा प्रश्न पुन्हा उघडा पडला.

जनुकाचा पत्ता तोवर लागला होता: 1985मध्ये सोळाव्या गुणसूत्रापर्यंत माग गेला, 1994मध्ये जनुक हाती आलं. त्यापासून बनणारं प्रथिन मूत्रपिंडाच्या नळ्यांत असतं तसं लिव्हरच्या पित्तनलिकांतही असतं. तिथल्या गाठी वयाबरोबर वाढतात, आणि बायकांमध्ये त्या जास्त मोठ्या होतात. इस्ट्रोजेनचा त्यात हात आहे.

हे वाचलं त्या दिवसापासून मी आईच्या ताटाकडे बघायला लागलो. तिचं जेवण कमी झालंय हे मी 'डाएट' म्हणून सोडून दिलं होतं. गेल्या महिन्यात तिची सोनोग्राफी झाली. तिलाही आहे.

मामा आता थोडं थोडं, दिवसातून पाच वेळा खातो. परवा फोनवर म्हणाला, "तू कधी करतोयस रे?"

शुक्रवारी सकाळी आठची वेळ मिळालीये. उपाशीपोटी यायला सांगितलंय.