पन्नास वर्षांचा रतीब

दूधवाल्याला आणि पेपरवाल्याला खाडा परवडत नाही. पाऊस असो, सण असो, घरात कुणाचे दुखणे असो, पहाटे दारात पिशवी आणि पेपर आलाच पाहिजे. त्या पेपराच्या पोटात आणखी एक छोटा रतीब असतो, चित्रमालिकेचा. चार चौकटी, दोन-तीन पात्रे, मोजकी वाक्ये. वाचायला अर्धे मिनिट पुरते, पण ते अर्धे मिनिट रोज ताजे लागते.

अमेरिकेतल्या ‘पीनट्स’ने हा रतीब २ ऑक्टोबर १९५० ला सुरू केला आणि १३ फेब्रुवारी २००० ला थांबवला. रोजच्या १५,३९१ आणि रविवारच्या २,५०६, अशा एकूण १७,८९७ चित्रमालिका. त्यातली कल्पना, रेघ आणि अक्षर चार्ल्स शुल्झ या एकाच माणसाचे.

संस्था म्हटले की कार्यकारिणी, इमारत, देणगीदार डोळ्यांपुढे येतात. ‘पीनट्स’ची संस्था म्हणजे एक ड्रॉइंग बोर्ड आणि त्याच्यापुढे बसलेला एक माणूस. पण तिलाही घटना होती आणि त्या घटनेत एकच कलम होते : रोजची चित्रमालिका माझ्याच हातची असेल. या एका कलमावर ती पन्नास वर्षे उभी राहिली. म्हणूनच ही जीवनकथा संस्थेची वाटचाल म्हणून सांगावीशी वाटते.

सलून आणि टपालाने आलेले धडे

शुल्झ यांचा जन्म २६ नोव्हेंबर १९२२ चा, मिनेसोटा राज्यातल्या मिनियापोलिसचा. बालपण शेजारच्या सेंट पॉल शहरात गेले. वडील कार्ल यांचे तिथे केस कापण्याचे सलून होते. पुढे ‘पीनट्स’चा नायक चार्ली ब्राउन याच्या वडिलांचा धंदाही शुल्झ यांनी हाच ठेवला. बाळ दोन दिवसांचे असतानाच नात्यातल्या एकाने त्याचे नाव ‘स्पार्की’ पाडले. त्या वेळी गाजत असलेल्या ‘बार्नी गूगल’ या चित्रमालिकेतल्या स्पार्क प्लग नावाच्या घोड्यावरून हे नाव आले, आणि जवळची माणसे शुल्झ यांना आयुष्यभर याच नावाने हाक मारत राहिली. रविवारच्या पेपरांतल्या चित्रमालिका बाप-लेक मिळून वाचत.

घरात स्पाइक नावाचा काळा-पांढरा कुत्रा होता. टाचण्या, खिळे, वाटेल ते गिळणारा. त्याचे चित्र काढून शुल्झ यांनी रिप्लेच्या ‘बिलीव्ह इट ऑर नॉट’ या सदराकडे पाठवले आणि १९३७ मध्ये ते छापून आले. वय वर्षे चौदा. ‘पीनट्स’मधल्या स्नूपी या कुत्र्याचे मूळ या स्पाइकमध्ये आहे.

चित्रकलेचे पुढचे शिक्षण टपालाने झाले. मिनियापोलिसच्या एका पत्रद्वारा शिकवणाऱ्या संस्थेत नाव घातले. फी १७० डॉलर. सलूनच्या कमाईतून वडिलांनी ती ओढाताण करत हप्त्याहप्त्याने फेडली. या अभ्यासक्रमात ‘लहान मुलांची चित्रे’ या भागात शुल्झ यांना ‘सी प्लस’ मिळाला. ज्यांनी पुढे अर्धे शतक लहान मुलांखेरीज दुसरे फारसे काही काढले नाही, त्यांचा हा शेरा.

१९४३ मध्ये आई कर्करोगाने गेली. त्याच सुमारास शुल्झ यांना सैन्यात बोलावणे आले. आपली आता भेट होणार नाही, हे आईने त्यांना अंथरुणावरूनच सांगितले होते. तो निरोप त्यांच्या मनातून कधी गेला नाही. मालिकेत हसूच्या खाली जो एकटेपणा सतत वाहतो, त्याचा उगम शोधायला फार दूर जावे लागत नाही.

सात वर्तमानपत्रे

युद्धातून परतल्यावर शुल्झ ज्या संस्थेत शिकले तिथेच शिकवू लागले. चार्ली ब्राउन हे नाव तिथल्याच एका सहकाऱ्याचे. १९४७ पासून ‘सेंट पॉल पायोनियर प्रेस’मध्ये त्यांचे ‘लिल फोक्स’ हे साप्ताहिक सदर येऊ लागले. १९५० च्या उन्हाळ्यात चित्रांची बाडे घेऊन ते न्यूयॉर्कला युनायटेड फीचर सिंडिकेटकडे गेले.

सिंडिकेट म्हणजे चित्रमालिकांचे घाऊक दुकान. चित्रकार काम त्यांच्याकडे देतो आणि ते देशभरच्या वर्तमानपत्रांना विकतात. सिंडिकेटने काम घेतले, पण दोन अटी घातल्या. ‘लिल फोक्स’ हे नाव दुसऱ्या मालिकांच्या नावांशी मिळतेजुळते असल्याने ते बदलून ‘पीनट्स’ केले. शुल्झ यांना ते कधीच आवडले नाही, म्हातारपणीही नाही. दुसरी अट मापाची. चार चौकटी, चारही सारख्या आणि लहान. संपादकाला जागा असेल तशा त्या आडव्या लावता याव्यात, उभ्या लावता याव्यात, किंवा दोनावर दोन रचता याव्यात. जागा वाचवणारी मालिका म्हणूनच तिची जाहिरात झाली. सुरुवातीला ती सात वर्तमानपत्रांनी घेतली.

या अडचणीतून शुल्झ यांनी शैली घडवली. चौकट लहान, म्हणून मागचा पसारा काढून टाकला. एक कुंपण, एक झाड, गवताच्या चार काड्या, बस. मोठी माणसे नाहीत, सगळे जग मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर. डोकी मोठी आणि गोल, चेहऱ्यावर दोन ठिपके आणि एक वाकडी रेघ. तेवढ्यात लाज, हेवा, आशा आणि हिरमोड बसवायचा. शेजारी गर्दीने भरलेल्या मालिका असत आणि त्यांच्यामध्ये ही रिकामी पांढरी जागा वाचकाची नजर खेचून घेई.

पहिल्या दहा वर्षांत गोतावळा जमत गेला. पियानोवर वाकलेला श्रोडर १९५१ मध्ये आला, तोंडाळ लुसी आणि तिचा भाऊ लायनस १९५२ मध्ये, धुळीने माखलेला पिग-पेन १९५४ मध्ये. लुसीने पाच सेंटमध्ये मनाचे सल्ले देणारी टपरी थाटली ती १९५९ मध्ये. चार पायांवर चालणारा स्नूपी याच दशकात मागच्या दोन पायांवर उभा राहिला. व्यंगचित्रकारांचा मानाचा रुबेन पुरस्कार शुल्झ यांना १९५५ मध्ये मिळाला, आणि १९६४ मध्ये पुन्हा एकदा.

टाक, शाई आणि कोरा कागद

१९५८ मध्ये शुल्झ कुटुंब कॅलिफोर्नियात आले. सांता रोझा हे पुढे कामाचे गाव झाले. तिथे त्यांनी १९६९ मध्ये बर्फावरच्या स्केटिंगचे मैदान बांधले. रोज सकाळी तिथल्याच ‘वॉर्म पपी’ कॅफेत ठरलेल्या टेबलाशी बसून इंग्लिश मफिन आणि द्राक्षाची जेली खायची, मग जवळच्या स्टुडिओत जायचे. स्टुडिओचा पत्ता ‘वन स्नूपी प्लेस’.

तिथे कोऱ्या कागदाची वही घेऊन विचार करत बसणे, हे कामातले सर्वांत अवघड काम. काही दिवस पटकन सुचे, काही दिवस नुसती रेघोट्यांत सकाळ जाई. कल्पना ठरली की पेन्सिलीचा पुसट अंदाज, आणि मग थेट टाक. एस्टरब्रुक कंपनीची ‘रेडिओ ९१४’ ही एकच निब त्यांना लागे. कंपनी बंद पडते आहे असे कळल्यावर शुल्झ यांनी तिचा उरलेला सगळा साठा विकत घेऊन ठेवला. ज्याला रोज हात तोच राखायचा आहे, तोच माणूस निबांची अशी बेगमी करतो.

श्रोडर पियानो वाजवतो तेव्हा त्याच्या डोक्यावर सुरावटीचे कागद तरंगताना दिसतात. ती खुणांची नुसती शोभा नसते. बीथोव्हेनच्या रचनांचे छापील नोटेशन समोर ठेवून शुल्झ ते टाकाने एकेक ठिपका करत उतरवीत. सकाळी चहा पिता पिता मालिका वाचणाऱ्या किती जणांना ते वाचता येणार होते? तरी ते बरोबरच हवे, हा त्यांचा कटाक्ष.

या काळात व्याप प्रचंड वाढला. ९ डिसेंबर १९६५ ला ‘अ चार्ली ब्राउन ख्रिसमस’ हा चलत्चित्र कार्यक्रम सीबीएस वाहिनीवर आला. निर्माते ली मेंडेलसन, दिग्दर्शक बिल मेलेंडेझ, संगीत विन्स ग्वाराल्डी यांचे. पात्रांचे आवाज खऱ्या मुलांचे होते आणि पार्श्वभूमीला ठोकळेबाज हशा नव्हता. वाहिनीच्या अधिकाऱ्यांना तो फारसा रुचला नव्हता. लोकांनी मात्र तो डोक्यावर घेतला आणि त्याला एमी व पीबडी हे दोन्ही सन्मान मिळाले. मे १९६९ मध्ये अपोलो १० च्या मुख्य यानाचे नाव ‘चार्ली ब्राउन’ होते आणि चंद्राच्या पृष्ठभागापासून सुमारे पंधरा किलोमीटरपर्यंत उतरलेल्या यानाचे ‘स्नूपी’. खेळणी, कपडे, पुस्तके, नाटक अशा साऱ्यासाठी माणसे नेमली गेली. रोजच्या चार चौकटींना मात्र दुसरा हात लागला नाही.

फ्रँकलिनची शाळा

संस्थेची खरी ओळख कसोटीच्या वेळी होते. एप्रिल १९६८ मध्ये मार्टिन ल्युथर किंग यांची हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच लॉस एंजेलिसच्या एका शिक्षिकेने शुल्झ यांना पत्र लिहिले : तुमच्या मुलांच्या टोळीत एक काळे मूल का नसावे? शुल्झ यांनी प्रामाणिक अडचण कळवली. आपण उपकाराच्या भावनेने करतो आहोत असे काळ्या वाचकांना वाटले तर, ही ती अडचण. शिक्षिकेने पिच्छा सोडला नाही. आपल्या काळ्या मित्रमंडळींकडून त्यांनी शुल्झ यांना पत्रे लिहवून घेतली.

३१ जुलै १९६८ च्या मालिकेत समुद्रकिनाऱ्यावर चार्ली ब्राउनचा चेंडू वाहून गेला आणि फ्रँकलिन नावाच्या काळ्या मुलाने तो आणून दिला. दोघे वाळूचा किल्ला करू लागले. भाषण नाही, संदेश नाही. पुढे फ्रँकलिन गोऱ्या मुलांबरोबर वर्गात बसलेला दिसला, तेव्हा दक्षिणेकडच्या एका संपादकाने हरकत घेतली. सिंडिकेटच्या प्रमुखांनीही बदलाचा विषय काढला. त्यावर शुल्झ यांनी सुनावले, की काढले आहे तसे छापा, नाहीतर मी काम सोडतो. तसेच छापले गेले. सगळे काम एकाच हातचे असल्याचा हा मोठा लाभ. तो हात थांबला तर मागे दुसरा कोणी उभा नव्हता, आणि हे दोन्ही बाजूंना ठाऊक होते.

थरथरती रेघ

१९८१ मध्ये हृदयाची बायपास शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर हाताला कंप सुटला. जुन्या आणि नंतरच्या मालिका शेजारी ठेवून पाहाव्यात. १९६० च्या दशकातली स्नूपीची पाठ एका फटक्यात ओढलेली, गुळगुळीत. नंतरच्या पाठीत बारीक लाटा आहेत. अशा वेळी दुसऱ्या कोणी मदतनीस बसवला असता तर त्याला कोणी नावे ठेवली नसती. शुल्झ यांनी कंप लपवला नाही. ती थरथर मालिकेतच मुरली, पात्रांबरोबर रेघही म्हातारी झाली. मला ती शेवटच्या वर्षांतली रेघ सर्वांत जवळची वाटते.

हात थकला तरी नवे करणे थांबले नव्हते. १९८८ मध्ये त्यांनी सक्तीच्या चार समान चौकटी सोडल्या. कधी तीन, कधी दोन, कधी एकच लांब चौकट. पन्नास वर्षांत रजा एकदाच, १९९७ च्या अखेरीस, पंचाहत्तरीच्या निमित्ताने पाच आठवडे. तोवर मालिका ७५ देशांत, २१ भाषांत आणि सुमारे २,६०० वर्तमानपत्रांत जात होती.

नोव्हेंबर १९९९ मध्ये पक्षाघाताचा झटका आला आणि कर्करोगही उघडकीला आला. १४ डिसेंबरला शुल्झ यांनी निवृत्ती जाहीर केली. वर्तमानपत्रांकडे मालिका काही आठवडे आधी जाते आणि रविवारचे पान रंगीत असल्याने त्याहून आधी. म्हणून शेवटची रोजची मालिका ३ जानेवारी २००० ला आली, तर शेवटचा रविवार १३ फेब्रुवारीला. त्या पानावर स्नूपी टाइपरायटरपुढे बसला आहे आणि शेजारी वाचकांना लिहिलेले निरोपाचे पत्र आहे. १२ फेब्रुवारीच्या रात्री शुल्झ झोपेतच गेले. सकाळी लोकांच्या दारात ते पान पडले, तेव्हा लिहिणारा नव्हता.

दार उघडे

वडिलांची मालिका दुसऱ्या कोणी काढू नये, ही मुलांचीही इच्छा होती आणि करारातही तेच होते. आजही वर्तमानपत्रांत ‘पीनट्स’ दिसते, ती जुनी, पुन्हा छापलेली. २७ मे २००० ला अमेरिकेतल्या अनेक चित्रकारांनी आपापल्या मालिकेत त्या दिवशी शुल्झ यांना नमस्कार केला. संपूर्ण मालिका २००४ पासून खंडांमध्ये निघाली, ते काम २०१६ मध्ये पुरे झाले. सांता रोझात स्केटिंगच्या मैदानाशेजारी १७ ऑगस्ट २००२ ला संग्रहालय उघडले. २०१७ च्या वणव्यात शुल्झ यांचे राहते घर जळाले. संग्रहालय वाचले.

या परंपरेचा धागा आपल्या दारापर्यंतही येतो. १९९१ पासून ‘सकाळ’मध्ये चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ येऊ लागला आणि मराठी घरांत पेपर उघडताच आधी तो वाचायची सवय लागली. रोज एक छोटे हसू वेळेवर पोचवण्यामागे किती बैठक लागते, हे त्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

लुसी फुटबॉल धरते, चार्ली ब्राउन धावत येतो, ती ऐन वेळी चेंडू काढून घेते आणि तो पाठीवर आपटतो. दर वर्षी हेच. ऑक्टोबर १९९९ मधल्या शेवटच्या खेपेला लुसीला जेवायला बोलावणे येते आणि ती चेंडू रीरन या धाकट्या भावाकडे सोपवून जाते. चार्ली ब्राउनला लाथ मारता आली का, हे रीरन तिला सांगत नाही. आपल्यालाही ते कधी कळले नाही.

संग्रहालयाच्या मोठ्या भिंतीवर जपानी कलाकार योशितेरू ओतानी यांनी हाच प्रसंग उभा केला आहे. लांबून लुसी दिसते, चेंडू दिसतो, धावत येणारा चार्ली ब्राउन दिसतो. जवळ गेल्यावर कळते, की ते चित्र ३,५८८ फरश्यांचे आहे आणि प्रत्येक फरशीवर ‘पीनट्स’ची एकेक मालिका छापलेली आहे. एक फरशी म्हणजे टाक घेऊन बसलेल्या एका माणसाचा एक दिवस.