ग्रहण आणि अठ्ठावीस दिवस

आमच्या हायस्कुलात दर सोमवारी दुपारच्या जेवणानंतर मुलामुलींना एक निळी गोळी देतात. लोह आणि फॉलिक आम्लाची ही साप्ताहिक योजना 2012-13 च्या सुमारास देशभर सुरू झाली. गेल्या वर्षी दहावीतल्या एका मुलीने विचारले, "सर, लोह रक्तासाठी, हे कळलं. पण ते दुसरं कशासाठी?" मी इतिहासाचा माणूस. शास्त्राच्या शिक्षकांकडे बोट दाखवून मोकळा झालो असतो. पण त्या प्रश्नाने मला आमच्या खानापूरच्या जुन्या घरातल्या माजघरात नेऊन उभे केले.

1986 चा पावसाळा. थोरली आक्का पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. मुलगी झाली. तिच्या कमरेवर कातडी मिटलेलीच नव्हती. पातळ पापुद्र्याची एक पिशवी तेवढी होती. पाय हलत नव्हते. बेळगावला नेले, पण बारशाआधीच ती गेली. शेजारपाजारच्या बायकांनी निदान केले, "ग्रहणात विळीवर बसली असशील." आक्काने ते खरे मानले आणि त्याचे ओझे मुकाट्याने वाहिले.

खरे कारण फार लवकरच्या दिवसांतले असते. गर्भ जेमतेम तीन आठवड्यांचा असताना त्याच्या पाठीकडच्या बाह्यस्तरातील पेशींचा एक पट्टा जाड होतो. त्याच्या कडा उचलल्या जातात, मध्ये पन्हळ पडते आणि दोन्ही कडा जुळून नळी तयार होते. हीच मज्जानलिका. पुढे तिच्यापासून मेंदू आणि मज्जारज्जू घडतात. जुळणाऱ्या कडांवरच्या काही पेशी सुटून दूरवर प्रवास करतात. चेहऱ्याची हाडे, कातडीच्या रंगाच्या पेशी, आतड्याच्या नसा त्यांच्यापासून होतात. त्या आतड्याच्या शेवटापर्यंत पोचल्या नाहीत, तर तान्ह्या बाळाची शौचास अडते. आणि नळी खालच्या टोकाला उघडी राहिली, तर आक्काच्या मुलीसारखे होते. हे मिटणे साधारण अठ्ठाविसाव्या दिवशी पुरे होते. तेव्हा पुष्कळदा आईला दिवस गेल्याचेही कळलेले नसते.

या पेशींना "तुम्ही मज्जा व्हा" असे सांगते कोण? जर्मनीत हान्स श्पेमान आणि त्यांची विद्यार्थिनी हिल्डे मांगोल्ड यांनी 1924 साली पाणसरड्याच्या गर्भावर दाखवले, की शेजारच्या पेशीच त्यांना तशी प्रेरणा देतात. कोंबडीच्या गर्भावर हाच शोध पुढे नेणाऱ्यांत आपल्या डॉ. लीला मुल्हेरकर होत्या. एडिंबरोला वॉडिंग्टन यांच्याकडे काम करून 1958 साली त्यांनी आपला निबंध छापला आणि पुढे पुणे विद्यापीठात गर्भविकासशास्त्राचे विद्यार्थी घडवले.

पण नळी मिटत का नाही? या प्रश्नाच्या उत्तराचा एक धागा निघाला मुंबईच्या गिरणगावातून. कोकणातून आणि घाटावरून पोटासाठी गेलेल्यांची ती वस्ती. तिथल्या गरोदर बायका एका विचित्र पंडुरोगाने दगावत. 1928 साली लूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर हाफकीन संस्थेत या रोगाच्या शोधासाठी आली. जंतू सापडेनात. मग तिने बायकांच्या ताटाकडे पाहिले. गरीब बाईच्या ताटात भाजी, फळे, दूध जवळजवळ नव्हतेच. तसाच आहार देऊन आजारी पाडलेले एक माकड यीस्टच्या अर्काने सुधारले. तोच अर्क, म्हणजे बाजारातले स्वस्त मार्माइट, तिने बायकांना दिला आणि त्या बऱ्या झाल्या. 1931 साली हे प्रसिद्ध झाले. अर्कातल्या त्या अनोळखी द्रव्याला "विल्स घटक" म्हणू लागले. 1941 साली अमेरिकेत पालकाच्या पानांतून असेच द्रव्य वेगळे काढले गेले. पानाच्या लॅटिन शब्दावरून त्याचे नाव पडले फॉलिक आम्ल.

पेशी दुभंगून वाढायची, तर हे द्रव्य लागतेच. रक्ताच्या पेशी झपाट्याने वाढतात, तशाच मिटणाऱ्या नळीच्याही. ब्रिटनच्या वैद्यक संशोधन परिषदेने सात देशांतील 1,817 स्त्रियांवर चाचणी घेतली. या सगळ्यांचे आधीचे एक मूल या दोषाचे होते. 1991 साली निष्कर्ष आला : गर्भधारणेआधीपासून फॉलिक आम्ल दिले, तर दोष पुन्हा होण्याचा धोका 72 टक्क्यांनी घटतो. सगळी प्रकरणे टळत नाहीत, पण बहुतेक टळतात. आक्काची मुलगी जाऊन तेव्हा पाच वर्षे झाली होती.

त्या मुलीला मी एवढेच सांगितले : ही सोमवारची गोळी मुख्यतः रक्तासाठी आहे. पुढे मूल हवे असे ठरेल, तेव्हा डॉक्टरांना विचारून रोज 400 मायक्रोग्रॅमची गोळी आधीपासून सुरू कर. दिवस गेल्यावर सुरू केली, तर ती वेळ बहुधा टळून गेलेली असते.

मे महिन्यात आक्का आली होती. तिला सगळे सांगितले. बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे ग्रहणाचं काही नव्हतं?"

"नव्हतं, आक्का. तुझं काही चुकलं नव्हतं."

"आणि हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं?"

"पक्कं असं कुणालाच नाही."

पदराने डोळे पुसून ती म्हणाली, "आता ठाऊक आहे न्हवं? मग शाळेतल्या पोरींना सांगत जा."