रिचमंडचं पाळणाघर

फ्रीमाँटमधे चार मराठी कुटुंबं जेवायला जमली की गप्पा घरांच्या किमतींवरून शाळांवर आणि तिथून डे-केअरच्या फीवर येतातच. सहा महिने मुलाचे आई-बाबा, पुढचे सहा महिने मुलीचे, हे वेळापत्रक बहुतेकांना पाठ आहे. आम्हीही तेच केलं. पण या देशात सरकारने याची सोय कधी केलीच नाही का?

केली होती, आणि तीही आपल्या शेजारी! 880 वरून ओकलंड ओलांडलं की पुढे रिचमंड लागतं. दुसऱ्या महायुद्धात हेन्री कैसरच्या तिथल्या गोद्यांमधून 747 जहाजं बाहेर पडली. पुरुष सैन्यात गेले, वेल्डिंगला बायका आल्या. मग मुलांचं काय? लॅनहॅम कायद्याचा पैसा खरं तर युद्धकाळातल्या वस्त्यांच्या सोयींसाठी होता, तो पाळणाघरांकडेही वळवला गेला. 1943 साली रिचमंडला मॅरिटाइम चाइल्ड डेव्हलपमेंट सेंटर उघडलं. अशा केंद्रांत पालकांना दिवसाला साधारण 50 ते 75 सेंट पडत, आणि उत्पन्नाची अट नव्हती. कैसरच्याच पोर्टलंडमधल्या केंद्रांत तर आईला घरी जाताना तयार जेवण विकत मिळे. म्हणजे पाळणाघर आणि पोळीभाजी केंद्र एकाच छपराखाली!

युद्ध संपलं आणि 1946 मधे केंद्राचा पैसा थांबला. बहुतेक ठिकाणी कुलुपं लागली. कॅलिफोर्नियात आयांनी सॅक्रामेंटोच्या मागे लकडा लावला. राज्याने मुदतवाढ देत देत 1957 मधे योजना कायम केली, पण ती मुख्यतः कमी उत्पन्नवाल्यांसाठी. 1971 मधे देशव्यापी विधेयक काँग्रेसने मंजूर केलं, ते निक्सनने नकाराधिकार वापरून परत पाठवलं.

आपल्याकडेही फार वेगळं नव्हतं. मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या आया तान्ह्याला अफूची गोळी देऊन निजवत. 1948 च्या फॅक्टरी कायद्याने पन्नासपेक्षा जास्त बायका असतील तिथे पाळणाघर सक्तीचं केलं, पण तोवर गिरण्यांतून बायकाच कमी होऊ लागल्या होत्या. मला जास्त शहाणपणाचं वाटतं ते ताराबाई मोडकांचं. 1945 मधे त्या बोर्डीला गेल्या. मुली धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी राहतात हे पाहून त्यांनी आणि अनुताई वाघांनी पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकत्र आणली. तीच विकासवाडी.

इथलं आजचं गणित सोपं आहे. कॅलिफोर्नियाच्या नियमानुसार केंद्रात चार तान्ह्या बाळांमागे एक शिक्षिका लागते. तिचा पगार, जागेचं बे एरियातलं भाडं आणि विमा हे सगळं चार घरांत वाटलं जातं. नियम योग्यच आहे, माझं मूलही त्या चारांतलंच होतं. फीचा चेक लिहिताना मात्र हात जड होई. 2025 च्या शाळेच्या वर्षापासून चार वर्षांच्या प्रत्येक मुलाला सरकारी शाळेत 'टीके' फुकट आहे. त्याच्या आतल्यांसाठी अजून डे-केअरचं वेटिंग, नाहीतर आजीचा व्हिसा.