ब्युलीजची कॉफी आणि घरमालकाचं भाडं

मंडळी, भारतातून पाहुणे आले की आपण त्यांना डब्लिनच्या ग्राफ्टन स्ट्रीटवर नेतो, आणि पाय दुखायला लागले की 'ब्युलीज'मध्ये शिरतो. बाहेरची इजिप्शियन नक्षी आणि हॅरी क्लार्कच्या रंगीत काचा यांचे फोटो निघतात. या जागेचा आपल्याशीही एक संबंध आहे बरं का! इथे पूर्वी व्हाइट मास्तरांची शाळा होती. तिथे शिकलेला आर्थर वेलस्ली 1803 साली असईच्या लढाईत आपल्या शिंदे-भोसल्यांना भारी पडला. असो, विषय कॉफीचा आहे.

ब्युली हे क्वेकर पंथाचं, चहाच्या व्यापारातलं घराणं. ईस्ट इंडिया कंपनीची मक्तेदारी संपल्यावर 1835 साली त्यांनी कँटनहून चहाच्या 2,099 पेट्या थेट डब्लिनला आणल्या. 1894 मध्ये अर्नेस्ट ब्युलीला कॉफी खपवायची होती, पण डब्लिनकर पडले पक्के चहाबाज. मग तो जॉर्जेस स्ट्रीटवरच्या दुकानात गिऱ्हाइकांना कॉफी करून दाखवू लागला, सोबत बायकोने भाजलेले बन. आमच्या आयटीवाल्यांच्या भाषेत 'डेमो'! त्यातूनच कॅफे निघाला. दूध-साय घरच्या जर्सी गाईंची. 1927 ला ग्राफ्टन स्ट्रीटचा कॅफे उघडला, तेव्हा सजावटीवर इतका खर्च झाला की अर्नेस्ट जवळजवळ बुडालाच होता.

पण पैसा घरचा होता, म्हणून एका कपावर तासन्‌तास बसणाऱ्या गिऱ्हाइकाला कुणी उठवत नसे. पुण्यात 'वैशाली'त बसलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

1972 साली व्हिक्टर ब्युलीने तर कमालच केली. कंपनीची मालकी त्याने कामगारांच्या हाती सोपवली. आपल्याकडे 1957 नंतर इंडियन कॉफी हाउसच्या कामगारांनी सहकारी सोसायट्या काढल्या, त्याची आठवण होते. फरक एवढाच, की तिथे नोकरी गेल्यावर कामगारांनी लढून मिळवलं, इथे मालकाने आपणहून दिलं. दुर्दैवाने 1986 पर्यंत कंपनी डबघाईला आली आणि पॅट्रिक कॅम्पबेल या केटरिंग व्यावसायिकाने ती घेतली.

खरी मेख पुढेच आहे. 1987 पासून ग्राफ्टन स्ट्रीटची जागा 35 वर्षांच्या भाडेपट्ट्यावर होती. दर पाच वर्षांनी भाड्याचा फेरविचार, पण अट अशी की भाडं वरच जाणार, खाली कधीच नाही! मग आली 'केल्टिक टायगर'ची तेजी. तुम्हाआम्हाला इथे नोकऱ्या दिल्या त्याच तेजीने 2007 ला हे भाडं वर्षाला जवळजवळ 15 लाख युरोंवर नेलं. 2008 ला मंदी आली, बाजारातली भाडी निम्म्यावर आली, ब्युलीजचं मात्र तिथेच राहिलं. कंपनी कोर्टात गेली, हायकोर्टात जिंकली आणि 2014 मध्ये सुप्रीम कोर्टात हरली. नव्या करारांत अशी अट घालायला 2010 पासून बंदी आहे, पण जुन्या करारांना तिचा काय उपयोग?

आजकालच्या साखळी दुकानांत कपावर तुमचं नाव लिहून देतात. 2005 ला स्टारबक्स आयर्लंडमध्ये आलं. गंमत म्हणजे आदल्याच वर्षी, नोव्हेंबर 2004 मध्ये, ब्युलीजने ग्राफ्टन आणि वेस्टमोरलंड स्ट्रीटचे दोन्ही कॅफे बंद केले होते. लोकांनी आरडाओरडा केला आणि ग्राफ्टन स्ट्रीटचा पुन्हा उघडला. मला विचाराल तर कपावर नाव लिहिणं म्हणजे ओळख नव्हे. गिऱ्हाइकाला ओळखायचं तर त्याला बसू द्यावं लागतं, आणि महागड्या जागेत बसू देणं परवडत नाही. गुंतवणूकदारांचा पैसाही तसाच, त्याला घाई असते. 1996 ला बंगळूरला सुरू झालेल्या कॅफे कॉफी डेने 2010 मध्ये मोठे गुंतवणूकदार घेतले, 2015 ला शेअर बाजार गाठला. 2019 मध्ये कर्जाच्या ओझ्याखाली संस्थापक सिद्धार्थ यांचा जो शेवट झाला, तो आपण सर्वांनी वाचलाच आहे.

ग्राफ्टन स्ट्रीटचा कॅफे मे 2020 मध्ये कोविडच्या काळात पुन्हा बंद झाला, 110 जणांच्या नोकऱ्या धोक्यात आल्या, आणि ऑगस्टमध्ये उघडलाही. त्यानंतर घरमालक आणि कॅफे पुन्हा कोर्टात उभे राहिले. या वेळी वाद होता हॅरी क्लार्कच्या त्या काचा नक्की कुणाच्या, याचा.