तारीख आधी की तयारी आधी?

दिवाळी अंक दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी बाजारात आला, तर तो कितीही चांगला असला तरी त्याला गिऱ्हाईक मिळत नाही. म्हणून संपादक तारीख धरून चालतो आणि वेळेत न आलेली कथा बाजूला ठेवतो. विश्वकोशाच्या खंडाचे तसे नसते. नोंदी तपासून झाल्या नसतील तर खंड थांबतो, आणि वाचकही थांबतात. संगणकाचे सॉफ्टवेअर या दोहोंपैकी कशासारखे मानायचे? डेबियन नावाच्या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाने या प्रश्नाची दोन्ही उत्तरे वापरून पाहिली आहेत. त्याची नोंद सर्वांना पाहता येईल अशी उघडी असल्यामुळे हा इतिहास आपल्याला बारकाईने तपासता येतो.

१६ ऑगस्ट १९९३ रोजी अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठातील इयान मर्डॉक या विद्यार्थ्याने डेबियनची घोषणा केली. त्याच्या मैत्रिणीचे नाव डेब्रा. डेब्रा आणि इयान मिळून डेबियन. लिनक्स हा संगणकप्रणालीचा केवळ गाभा आहे. त्याच्याभोवती लेखन, छपाई, गणिते, जाळ्याशी जोडणी अशा शेकडो कामांचे कार्यक्रम जुळवून दिले, तरच सामान्य माणसाला तो संगणक वापरता येतो. ही जुळवाजुळव पॅकेजच्या रूपाने होते. एका पॅकेजात एक कार्यक्रम असतो, तो बसवण्याच्या व काढण्याच्या सूचना असतात, आणि त्याला आणखी कोणती पॅकेजे लागतात याची यादी असते. प्रत्येक पॅकेज सांभाळणारा स्वयंसेवक वेगळा, बहुधा वेगळ्या देशातला. प्रकल्प कोणालाच पगार देत नाही. साहजिकच अमुक तारखेला काम संपव, असे सांगण्याचा अधिकारही कोणाला नाही. ‘तयार होईल तेव्हा’ हे डेबियनचे प्रसिद्ध उत्तर काही अंशी तत्त्वातून आले आणि काही अंशी या परिस्थितीतून, असे आम्हाला वाटते.

तारीख आपल्या हातात नसली की काय होते, याचा धडा लवकरच मिळाला. १९९५ च्या अखेरीस सीडी विकणाऱ्या एका कंपनीने डेबियनची अर्धवट, घडणीतली प्रत ‘१.०’ असा शिक्का मारून चुकून विकायला काढली. घोटाळा टाळण्यासाठी प्रकल्पाने तो क्रमांकच सोडून दिला. १७ जून १९९६ रोजी जी आवृत्ती आली ती १.१, डेबियन १.० कधी झालीच नाही. घडणीतल्या आवृत्तीला क्रमांकाऐवजी टोपणनाव देण्याची प्रथा याच अनुभवाने पक्की केली. त्या काळी प्रकल्पाचे नेतृत्व करणारे ब्रूस पेरेन्स पिक्सार या चित्रपटसंस्थेत काम करीत. त्यामुळे ‘टॉय स्टोरी’ या चित्रपटातील पात्रांची नावे आली: बझ, रेक्स, पोटॅटो, वुडी. ज्या विभागात नवी, कच्ची पॅकेजे सर्वप्रथम येतात, त्याचे नाव सिड. चित्रपटातला सिड हा खेळणी मोडणारा शेजारचा मुलगा आहे.

सुरुवातीला पद्धत सोपी होती. सगळे स्वयंसेवक ‘अस्थिर’ विभागात पॅकेजे टाकत राहायचे. केव्हातरी त्या विभागाची संपूर्ण नक्कल करून ती ‘गोठवायची’, म्हणजे तीत नवे काही घ्यायचे नाही, फक्त दोष दुरुस्त करायचे. दोष संपले की तीच ‘स्थिर’ आवृत्ती. पॅकेजे काही शे असताना हे जमले. पण १९९८ मधल्या आवृत्तीत पॅकेजे दीड हजारांवर गेली, २००० मधल्या ‘पोटॅटो’मध्ये ती जवळजवळ चार हजार झाली, आणि नक्कल केली त्या दिवशी त्यांतली कितीतरी मोडकी निघू लागली. पोटॅटो जानेवारीत गोठवली, ती बाहेर पडायला १५ ऑगस्ट उजाडला. वर्षभराचा कचरा एकदम झाडायला घेतल्यासारखे ते काम होते.

ऑस्ट्रेलियातील अँथनी टाउन्स यांनी यावर जो उपाय काढला, तो या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा टप्पा आहे. डिसेंबर २००० पासून अस्थिर आणि स्थिर यांच्या मध्ये ‘चाचणी’ नावाचा तिसरा विभाग आला. त्यात कोणीही स्वतःच्या हाताने पॅकेज टाकायचे नाही. एक संगणकीय कार्यक्रम रोज यादी तपासतो आणि नियमांत बसणारी पॅकेजेच पुढे सरकवतो. नियम थोडके होते. पॅकेजने अस्थिर विभागात दहा दिवस काढलेले असावेत. काम निकडीचे असेल तर पाच, फार निकडीचे असेल तर दोन. त्या मुदतीत नवा गंभीर दोष कोणी नोंदवलेला नसावा. डेबियन ज्या ज्या जातीच्या प्रोसेसरवर चालते, त्या सर्वांवर ते तयार झालेले असावे. आणि ते पुढे गेल्यामुळे आधीच पुढे गेलेले दुसरे कोणतेही पॅकेज बसवता न येण्याजोगे होऊ नये.

शेवटचा नियम दिसतो त्यापेक्षा कडक आहे. अनेक कार्यक्रमांना लागणाऱ्या एखाद्या सामायिक भागाची नवी आवृत्ती आली, की त्याच्यावर अवलंबून असलेली पन्नास पॅकेजे नव्याने तयार करावी लागतात आणि ती सर्व एकदमच पुढे सरकू शकतात. त्यांतले एक जरी एखाद्या जुन्या, क्वचित वापरल्या जाणाऱ्या प्रोसेसरवर अडले, तरी एकोणपन्नास थांबतात. वऱ्हाडाच्या बसमध्ये सगळे बसलेले आणि एक मामा पानाच्या ठेल्यावर, असा प्रकार!

आता या दहा दिवसांकडे नीट पाहा. पॅकेज दहा दिवस नुसते पडून राहिल्याने त्यातला एकही दोष कमी होत नाही. त्या दिवसांत काही हजार माणसे ते आपापल्या संगणकावर बसवतात, आपापल्या विचित्र सवयींनी वापरतात आणि मोडले तर कळवतात. म्हणजे हे माणसांच्या वापराचे माप आहे, आपण ते दिवसांत मोजतो इतकेच. ज्या पॅकेजला वापरणारेच नाहीत, ते दहा दिवसांनी पहिल्या दिवसाइतकेच अपरीक्षित असते. यंत्राने करायच्या चाचण्या पुढे वाढत गेल्या. पायुपार्ट्स नावाचे साधन पॅकेज बसवते, नवे करते, काढून टाकते आणि पाहुणा गेल्यावर घर होते तसे राहिले की नाही ते पाहते. २०१८ पासून, ज्या पॅकेजसोबत आपली आपण चालणारी चाचणी आहे आणि ती उत्तीर्ण होते, त्याची प्रतीक्षा कमी केली जाऊ लागली. तरी माणसांच्या वापराची जागा या साधनांनी घेतलेली नाही.

नवी व्यवस्था आल्यावर आवृत्त्या पटापट निघाव्यात अशी अपेक्षा होती. झाले उलटेच. वुडी १९ जुलै २००२ रोजी आली आणि तिच्यानंतरची ‘सार्ज’ ६ जून २००५ रोजी: जवळजवळ तीन वर्षे! या काळात प्रणाली बसवून देणारा कार्यक्रम मुळापासून नवा लिहिला जात होता. अकरा जातींच्या प्रोसेसरांसाठी सगळे तयार करायचे होते. नोव्हेंबर २००३ मध्ये प्रकल्पाच्या संगणकांवरच घुसखोरी झाली. आणि थांबण्याने थांबणे वाढते. पुढची गाडी कधी सुटेल हे कोणालाच ठाऊक नसले, की प्रत्येकजण आपले नवे सामान याच गाडीत चढवू पाहतो. ते चढवले की नवे दोष येतात आणि गाडी आणखी थांबते. आमच्या मते सार्जच्या उशिराचे खरे कारण हेच होते, बाकीची निमित्ते. दरम्यान वापरणाऱ्यांच्या संगणकावर तीन वर्षांपूर्वीचे कार्यक्रम होते, आणि नवीन यंत्रे विकत घेतली तर त्यांचे भाग जुन्या आवृत्तीला ओळखताच येत नव्हते.

एवढे थांबून निघालेल्या सार्जच्या पहिल्या सीडींत एक दोष राहिला. सीडीवरील एका फाइलीत ‘स्थिर’ऐवजी ‘चाचणी’ असेच लिहिलेले होते. परिणामी या सीडीवरून नव्याने बसवलेल्या संगणकांना सुरक्षेच्या दुरुस्त्या आपोआप मिळेनात. सुधारलेल्या सीडी तातडीने काढाव्या लागल्या. पंधरा हजार पॅकेजे तपासली गेली, पण लेबल बदलण्याची क्रिया शेवटच्या दिवशी एकदाच घडते.

याच सुमारास दुसरे उत्तर मांडले जात होते. जीनोम प्रकल्पाने २००२ पासून दर सहा महिन्यांनी आवृत्ती काढण्याचा नेम धरला. ऑक्टोबर २००४ मध्ये मार्क शटलवर्थ यांच्या पुढाकाराने, डेबियनच्याच अस्थिर विभागातून घेतलेल्या पॅकेजांवर उबुंटू उभी राहिली. तिच्या पहिल्या आवृत्तीचा क्रमांक ४.१०, म्हणजे साल आणि महिना. तारीखच नावात! जे तयार नसेल ते पुढच्या खेपेला. तिलाही एकदा, २००६ साली, एप्रिलची आवृत्ती जूनवर न्यावी लागली. पण तो अपवाद म्हणून लक्षात राहिला.

डेबियनमध्ये यावर बरीच भांडणे झाली. २००६ साली आवृत्तीचे काम पाहणाऱ्या दोघांना पैसे देऊन डिसेंबर गाठायचा प्रयत्न झाला. विनामोबदला राबणाऱ्यांना ते खटकले, आणि आवृत्ती आली ती एप्रिल २००७ मध्ये. त्यानंतरची फेब्रुवारी २००९ ची. मराठी वाचकांना एक गोष्ट सांगायला हवी: प्रणाली बसवताना पडद्यावर मराठीत सूचना दिसण्याची सोय याच आवृत्तीपासून झाली. त्याच वर्षी जुलैमध्ये तोडगा पुढे आला. बाहेर पडण्याची तारीख ठरवायची नाही; गोठवण्याची ठरवायची. दार कधी बंद होणार हे आधी सांगायचे, आतले काम संपले की गाडी सोडायची. पहिली तारीख फारच जवळची होती, विरोध झाला आणि ती पाळता आली नाही. पुढे मात्र घडी बसली. २०११ पासून ऑगस्ट २०२५ च्या ‘ट्रिक्सी’पर्यंत प्रत्येक आवृत्ती साधारण दोन वर्षांच्या अंतराने आली आहे, आणि दरम्यान पॅकेजांची संख्या सत्तर हजारांच्या जवळ पोचली.

मग थांबून तपासण्याने दोष खरोखर पकडले जातात का? दोन घटना शेजारी ठेवून पाहाव्यात. २००६ साली गुप्त किल्ल्या तयार करणाऱ्या ओपनएसएसएल या पॅकेजातल्या दोन ओळी डेबियनमध्ये काढल्या गेल्या, कारण स्मृतीचा वापर तपासणारे एक साधन त्यांबद्दल तक्रार करीत होते. साधन शांत झाले. मात्र त्या ओळींबरोबर किल्ल्यांमधली यदृच्छाही गेली: एका जातीच्या व लांबीच्या फक्त ३२,७६८ किल्ल्या शक्य उरल्या. पॅकेज सर्व नियम पाळून चाचणी विभागात गेले, स्थिर आवृत्तीत गेले, आणि दोष उघडकीस आला मे २००८ मध्ये. कार्यक्रम बिघडतच नव्हता. मग वापरणाऱ्याला शंका कशी यावी?

दुसरी घटना २०२४ ची. एक्सझेड या माहिती आवळून ठेवणाऱ्या कार्यक्रमात, बराच काळ काम करून विश्वास मिळवलेल्या एका सहभागी व्यक्तीने मुद्दाम चोरदरवाजा घातला. तेही पॅकेज नियमांतून पार होऊन अस्थिर व चाचणी अशा दोन्ही विभागांत पोचले होते. अँड्रेस फ्रॉइंड हे एका डेटाबेसवर काम करणारे अभियंते डेबियनच्या अस्थिर विभागावर मोजमापे घेत होते. दूरच्या संगणकात प्रवेश करायला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो, हे त्यांना खटकले. मागे जात जात ते चोरदरवाजापर्यंत पोचले आणि २९ मार्च २०२४ रोजी त्यांनी ते जाहीर केले. स्थिर आवृत्तीत तेव्हा जुनेच एक्सझेड होते. ६ एप्रिल रोजी स्थिर आवृत्तीचा नेहमीचा दुरुस्ती-संच, १२.६, निघायचा होता. तारीख जाहीर झालेली होती. ती रद्द करण्यात आली. तो संच २९ जूनला निघाला.