किलोमीटर सांगत नाहीत ते

२००१ साली औरंगाबादजवळ (आजचे छत्रपती संभाजीनगर) शेंद्रा येथे स्कोडाचा कारखाना आला आणि तेथे ऑक्टेव्हियाची जुळणी होऊ लागली. ५२८ लिटरची डिकी, मागचे दार काचेसकट उघडणारे. म्हणजे चांगली संसारी गाडी. पुढे तिचाच आरएस हा वेगवान अवतार १.८ लिटर टर्बो इंजिनासह आला. जुन्या बाजारात तो आजही मोह घालतो.

टर्बोची कल्पना मात्र बरीच जुनी. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ साली तिचे एकस्व घेतले. वाया जाणाऱ्या धुराने चक्र फिरवायचे आणि त्या बळावर सिलिंडरात जादा हवा कोंबायची. गाडीतले हे चक्र मिनिटाला लाखाच्या घरात फेरे घेते, तेही तेलाच्या पातळ थरावर. तेल वेळेवर बदलले नाही, तर ते करपून बेअरिंगपाशी साचते. टायमिंग बेल्टचे रबर तर उभ्या गाडीतही जुने होते, आणि तो तुटला की पिस्टन थेट व्हॉल्व्हवर आदळतात!

आपण मात्र आधी किलोमीटर विचारतो. हिंजवडीच्या कोंडीत इंजिन तासभर चालते, आकडा पुढे सरकतो जेमतेम चार-पाचने. अशा गाडीची तेलबदलाची आणि बेल्टची बिले तारखांसह मागावीत.